बुडाली ती नदी मी नव्हे

माझ्या मुलीने एक पुस्तक लिहिलं. हिंदीत. गोष्ट पुराणातल्यासारखी आहे, पण कुठल्याच पुराणात सापडायची नाही, तिने स्वतः रचलेली. त्यात नद्या बाया होऊन चालतात, नाग माणसांसारखे बोलतात, आणि पाताळात एक नगर आहे, तिथे ऊन पोचत नाही म्हणून लोक एकमेकांना आवाजावरून ओळखतात. रायपूरच्या शंकर नगरातल्या एका लहानशा हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. चहा, समोसे, फुलांचे गुच्छ. बोलायला उभे राहिलेले गृहस्थ म्हणाले की या कादंबरीतली जी नदी लेकरांच्या सुखासाठी स्वतःला जमिनीत गाडून घेते, ती म्हणजे लेखिकेची आई, आणि ती आई आज आपल्यात बसली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई येऊन माझ्या पाया पडली.

माइकवर बोलायची मला सवय नाही आणि तोंडात समोसा होता. पण ते खरं नव्हतं. त्या पुस्तकात नद्या दोन आहेत. बुडाली ती मी नव्हे. मी दुसरी, शेवटपर्यंत वाहत राहते ती. बुडाली ती माझी भोजली, आणि त्या दिवशी ती बीरगांवात खाटेवर पडून होती.

भोजली म्हणजे काय ते आधी सांगते. विदर्भातल्या माणसाला ते ठाऊक नसतं. मलाही नव्हतं, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

लग्न होऊन मी अमरावतीकडून रायपूरला आले तेव्हा चौथी शिकलेली होते. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात. बीरगांवात आम्ही एक खोली भाड्याने घेतली. तेव्हा ते खेडंच होतं, शेजारच्या उरला गावातले कारखाने नंतर आले. घरमालकांची सून माझ्याच वयाची. कडेवर एक पोरगा. मला धड हिंदी येत नव्हती, तिला मराठी मुळीच नाही. तरी आम्ही दिवसभर बोलायचो. ती तिच्या छत्तीसगढीत, मी माझ्या वऱ्हाडीत, आणि दोघींना सगळं कळायचं. भाजी कशी करायची आणि सासू कशी आहे, याला लागते किती भाषा?

श्रावणात तिने टोपलीत माती घालून गहू पेरले आणि टोपली अंधाऱ्या खोलीत ठेवली. रोप पिवळं लांब वाढलं. बाया रोज संध्याकाळी त्याच्यापुढे गाणी म्हणायच्या. त्या रोपाला इकडे भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्या तळ्यावर गेल्या, मीही गेले. पाण्यात सोडायच्या आधी तिने चार रोपं उपटली आणि माझ्या कानावर खोचली. मग माझ्या हातात चार दिली आणि स्वतःचा कान पुढे केला. मीही खोचली. ती म्हणाली, "सीताराम भोजली." मीही म्हटलं, "सीताराम भोजली."

मला वाटलं, आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ देतात तसं असेल. द्यायचं, घ्यायचं, गोड बोलायचं, झालं. घरी येऊन मी ती रोपं पाण्याच्या मडक्याजवळ ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तिला नावाने हाक मारली तर तिने येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. आता नाव घ्यायचं नाही, म्हणाली. तू माझी भोजली, मी तुझी. माझी आई ती तुझी आई. माझ्या घरी कोणी गेलं तर तुझ्या घरी सुतक. मी म्हटलं बरं. परक्या गावात बसल्या जागी बहीण मिळाली, त्यात वाईट काय? आणखी काय काय येतं ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही, कारण तिच्या हिशेबी ते दूधपित्या पोराला कळावं इतकं उघड होतं.

पुढे माझी मुलगी झाली. सव्वा महिना तिला अंघोळ भोजलीनेच घातली. मुलगी बोलायला लागल्यावर तिला मौसी म्हणू लागली. मौसीचा पोरगा तो भैया. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलो, नंतर चौबे कॉलोनीत दोन खोल्यांचं घर घेतलं, पण राखीला तो सायकल मारत यायचाच. मुलगी त्याच्या हाताला राखी बांधायची, तो तिला चिवडा आणि पेन द्यायचा. भोजलीचा नवरा लवकर गेला. तिला तेवढा एकच मुलगा. मुलगी झाली नाही याचं ती कधी रडगाणं गायची नाही. माझ्या मुलीची वेणी घालताना म्हणायची, आहे की.

मग छत्तीसगढ राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झाली. त्या दिवसांत या शहराला घाई सुटली होती. ज्या रस्त्यावर गाई बसायच्या तिथून लाल दिव्याच्या गाड्या जायला लागल्या. ऑफिसांना जागा पुरेनात, लोकांचे बंगले भाड्याने घेऊन त्यांत खाती बसवली. शंकर नगरात तर कोणाच्या स्वयंपाकघरात फायली आणि न्हाणीघरात टंकयंत्र. त्या भरतीत भोजलीचा मुलगा बाबू म्हणून लागला. माझी मुलगी कंप्युटरच्या क्लासला जायची, ऑफिस सुटल्यावर तो तिला स्कूटरवर घरी आणून सोडायचा. मला ते बरं वाटायचं. घरचा माणूस आहे, रिक्षाची कटकट नाही.

त्या वर्षी राखीला तो आला नाही. दुपार झाली, ताट तसंच. मी मुलीला म्हटलं, फोन कर, नाहीतर आपणच जाऊ बीरगांवला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मैं उसको राखी नहीं बाँधूँगी।"

"काहून?"

"झूठ बोलना पड़ेगा।"

एवढंच. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मी तिच्यासमोर बसून राहिले. तांदळात खडा एकही नव्हता, तरी ती निवडतच होती.

नवऱ्याला सांगितलं. तो जातीवरून खवळला, रात्री जेवला नाही, सकाळी भूक लागली तेव्हा जेवला. नंतर म्हणाला, मुलगा निर्व्यसनी आहे, सरकारी नोकरी आहे, आणि तू आतापासून भांडायला उभी आहेस, तर करा काय करायचं ते. तो असा माणूस होता. मला वाटलं, मोठी अडचण गेली.

भोजली नेहमीप्रमाणे राखीच्या दुसऱ्या दिवशी आली, पदरात रोपं बांधून. तिला आधीच कळलेलं होतं. तिने रोपं काढली नाहीत. मी चहा ठेवला आणि सरळ विषय काढला. मुलं एकमेकांना पसंत आहेत, आमच्याकडून हरकत नाही, तू काय म्हणतेस?

ती म्हणाली, ते भाऊबहीण आहेत.

मी म्हटलं, "अवं भोजली, रक्त तं वेगळं आहे ना आपलं."

"कान में खोंचे हन, भोजली. खेल नोहे."

कानात खोचलं आहे, हा खेळ नव्हे. आवाज न चढवता म्हणाली. मी तासभर भांडले. मी तिला सांगितलं की मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, मी तिळगुळासारखं समजले होते. ती ऐकत राहिली. तिच्या माहेरच्या गावात दोन आज्यांनी अशीच भोजली बदलली होती, त्यांच्या नातवंडांतही अजून सोयरीक होत नाही, असं तिने सांगितलं. शेवटी मी म्हटलं, खोचलं तसं काढता येईल. जे करता येतं ते मोडता येतं.

"निकाल के कहाँ रखबे?" ती म्हणाली. काढून ठेवशील कुठे?

ती रोपं पदरातच घेऊन परत गेली.

मुलगा आईला सोडून काही करणारा नव्हता. बाप नसलेलं एकुलतं एक पोर, त्याने तिला धुणीभांडी करताना पाहिलेलं. माझी मुलगीही पळून जाणाऱ्यांतली नाही. ज्या घरात मौसी माझ्याकडे पाठ करून बसेल त्या घरात मी जाऊन काय करू, असं तिचं म्हणणं. मग मी तिचं लग्न अकोल्याकडे करून दिलं. माणूस चांगला होता. भोजली मावशीचं लुगडं घेऊन आली, हळदीला बसली, आणि पाठवणीला सगळ्यांत जास्त तीच रडली. मला त्या दिवशी तिचा इतका राग आला होता की मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

जावई ट्रकखाली गेला. मूलबाळ नव्हतं. मुलगी परत आली आणि शंकर नगरातल्या एका ऑफिसात लागली. भोजलीच्या मुलाचं लग्न झालेलं नव्हतं. भोजली मुली दाखवून थकली होती. प्रत्येकीला तो नाही म्हणायचा, कारण सांगायचा नाही. माझा नवराही तोवर गेला होता. मंत्रालय नव्या रायपूरला गेलं, तो रोज ऑफिसच्या बसने जाऊ-येऊ लागला, आणि रविवारी आईला घेऊन आमच्याकडे यायचा. आम्ही दोघी आत बोलायचो. ती दोघं बाहेरच्या खोलीत. मी कान देऊन ऐकायचे. बस किती वाजता सुटली, नवा साहेब कसा आहे, पाणी आलं का. इतकं कोरडं बोलणं मी दोन दुकानदारांतही ऐकलेलं नाही. आणि तरी तो गेल्यावर मुलगी त्याचा कप लगेच धुवायची नाही.

एकदा मी तिला विचारलं, आता तुले कोण थांबवून राहिलं? बाप नाही, नवरा नाही. ती म्हणाली, "मौसी।"

त्यानंतर ती लिहायला लागली. सुटीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कंप्युटर मांडायची. मला वाचून दाखवायची. मी विचारलं, नद्यांना पोरं कशी होतात? ती म्हणाली, "आई, कल्पना है।" मी म्हटलं, कल्पनेतही बाळंतपण कोणीतरी करावंच लागेल. ती हसली नाही, विचारात पडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने गोष्टीत एक कासवीण सुईण घातली. ती कासवीण लोकांना फार आवडली म्हणे. ती माझी आहे.

गोष्ट अशी. दोन नद्या, एक पश्चिमेकडून आलेली, एक इथली. जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींच्या कानात अंकुर खोचतात आणि शपथ घेतात की जोवर आपण दोघी वाहतो तोवर आपली मुलं भाऊबहीण. एकीची मुलगी, दुसरीचा मुलगा. मुलगा नागांच्या घरी वाढतो. मुलगी त्याला पाताळातल्या नगरात पहिल्यांदा भेटते, अंधारात, म्हणजे तोंड न बघता. आवाजाच्या प्रेमात पडल्यावर उजेडात येऊन कळतं कोण ते. मग युद्ध, शाप, एक तपस्वी गिधाड, पुष्कळ काही आहे. शेवटी मुलाची आई, ती इथली नदी, एका पहाटे स्वतः जमिनीखाली जाते. तिचं वाहणं थांबलं, शपथ सुटली. कोरड्या वाळवंटात त्या दोघांचं लग्न लागतं, आणि दुसरी नदी बाजूने वाहत असते.

छापून आलं तेव्हा भोजलीच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी ऑटोने बीरगांवला गेले. तिने पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, वाच.

मग मी रोज दुपारी जायला लागले. ओळीवर बोट ठेवून, अडखळत वाचायचे. चौथीचं शिक्षण, त्यात हिंदी, त्यात मुलीने संस्कृत शब्द फार घातलेले. अडले की भोजली म्हणायची, सोड तो, पुढे चल. अंकुराचं आलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाली, त्या इथल्या नदीला गुडाखू आहे की नाही ते बघ. गुडाखू म्हणजे ती दातांना घासतात ती तंबाखूची पेस्ट. भोजलीला ती सकाळ-संध्याकाळ लागायची. मी म्हटलं, पुस्तकात नाही. ती म्हणाली, मग ती मी नाही, बरं झालं. आणि पोट धरून हसली, मग नुसतंच पोट धरलं.

तिचा मुलगा सुटीचा दिवस असला की ओसरीत बसून ऐकायचा. आत यायचा नाही. एरवी बसने येईपर्यंत माझं वाचन आटपलेलं असायचं.

शेवटच्या भागापाशी आले तेव्हा मी थांबले. पुढे काय आहे मला ठाऊक होतं. म्हटलं, आज डोळे दुखतात, उद्या. ती म्हणाली, उद्याचं मला सांगू नको. मग मी वाचलं. नदी जमिनीखाली जाते ते सगळं, वाळूतलं लग्न, सगळं. तो ओसरीत होता. मी पुस्तक मिटलं. कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली.

"ये नदिया मैं अंव," ती म्हणाली. ही नदी मी आहे.

मी म्हटलं, गोष्ट आहे, भोजली.

गोष्ट चांगली आहे, ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "फेर मरे ले नइ छूटय." पण मेल्याने सुटत नाही.

बऱ्याच वेळाने तिने मला जवळ बोलावलं. मला मुलगी नाही, म्हणाली. दहाव्या दिवशी तुझ्या मुलीने मला पाणी द्यावं. तेवढं तिला विचार.

याचा अर्थ या वेळी मला ठाऊक होता. इकडे दहाव्या दिवशी घरातल्या बाया रांगेने तळ्यावर जातात, अंघोळ करतात आणि गेलेल्याला ओंजळीने पाणी देतात. त्याला नहावन म्हणतात. पाहुण्या बाया काठावर थांबतात. पाण्यात उतरते ती घरची. माझी मुलगी लेक म्हणून उतरली तर साऱ्या भाऊबंदांसमोर ती त्याची बहीण. मग पुढचं काही उरत नाही. भोजलीने हे डाव म्हणून मागितलं की नुसतंच मागितलं, मला सांगता येत नाही. मरणाऱ्या बाईला लेकीच्या हातचं पाणी हवं असतं हेही खरं. मी म्हटलं, विचारते. शब्द दिला नाही.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, काही न लपवता. मग माझंही सांगितलं. "तिनं मागितलं तं मी सांगून राहिली. पण तू उतरू नको. मी तिची भोजली आहे, मी उतरीन. तुले कोणी खोचलं नव्हतं कानात." मुलगी वाळलेले कपडे घड्या करत होती. माझ्या साडीची घडी तिने दोनदा मोडून घातली.

भोजली गेली. सकाळची वेळ होती, मुलाच्या मांडीवर डोकं होतं, असं त्याने सांगितलं. मी माझ्या घरी सुतक पाळलं. फोडणी बंद, तेल बंद. मुलगी माझ्याबरोबर तेच अळणी जेवत होती. ते तिने माझ्यासाठी केलं की स्वतःसाठी, मी विचारलं नाही.

मधल्या एका दिवशी तो दहाव्याचं सांगायला आला. दाढी वाढलेली. बाहेरच्या खोलीत बसला. मी समोर होते, तरी या वेळी तो माझ्या मुलीकडे सरळ बघून बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दसवें दिन तुम ऊपर पार पर खड़ी रहना। बस, इतना ही कह रहा हूँ।"

पार म्हणजे तळ्याचा काठ. काठावर उभी राहा, उतरू नको. मागणी घालायची त्याची हीच रीत. मुलीने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. तो गेल्यावर मी देवापुढे दिवा लावला. आई मेलेल्या पोराने सुतकात असं बोलावं का, असं म्हणणारे म्हणोत. मला बरं वाटलं. मी मनात पुढचं मांडूनही टाकलं. वर्षश्राद्ध झालं की कोर्टात जाऊन करायचं, गाजावाजा नाही. माझ्या मागे ती एकटी राहणार नाही, मला एवढंच हवं होतं.

दहाव्या दिवशी आम्ही सकाळी गेलो. बीरगांवचं तळं आता चारी बाजूंनी घरांनी वेढलं आहे. कारखान्यांची काळी भुकटी पिंपळाच्या पानांवर बसलेली असते. एका बाजूला पुरुषांची मुंडणं चालली होती. दुसऱ्या बाजूला दगडी पायऱ्यांवर आम्ही बाया. पुढे भोजलीची थोरली जाऊ, मागे पुतणसुना, त्यांच्या मागे मी. पाणी गार होतं. मी कमरेपर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. मुलगी काठावर उभी होती, पिवळसर साडी, खांद्याला पर्स. तिला तसं उभं बघून माझा जीव भांड्यात पडला.

थोरल्या जावेने हात आडवा करून रांग थांबवली. तिला सगळं रीतसर लागतं. काठाकडे बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "ये नोनी घर के हे, के पहुना?" ही मुलगी घरची की पाहुणी?

मी म्हणणार होते, पाहुणी. माझ्या तोंडात शब्द आलाही होता.

"घर की," मुलगी म्हणाली.

तिने खांद्याची पर्स काढून शेजारच्या बाईकडे दिली, चपला काढल्या आणि पायऱ्या उतरून आली. बायांनी तिला वाट दिली, लेक म्हणून माझ्याही पुढे. ती माझ्याजवळून जाताना मी हळूच विचारलं, "काहून वं?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "किताब में मैंने उसको मार डाला, आई। अपने मतलब के लिए। अब पानी भी न दूँ?"

आणि तिने डोकं बुडवलं. वर आली तेव्हा केस तोंडावर चिकटले होते. तिने ओंजळ भरली आणि सोडली. भरली आणि सोडली. मी तिच्या मागे उभी राहून माझं पाणी दिलं. मनात भोजलीला म्हटलं, मिळालं तुला. चांगलं म्हटलं की वाईट, ते तिने ठरवावं.

पलीकडे पुरुषांच्या बाजूला तो पाटावर बसला होता. अर्धं डोकं झालेलं, अर्धं राहिलेलं. त्याने पाहिलं. न्हाव्याने त्याची हनुवटी धरून तोंड पुन्हा खाली केलं.

नहावनानंतर ओल्या कपड्यांनीच घरी यायचं असतं. अंगणात मुलगा घरच्या प्रत्येक बाईला नवं लुगडं देतो, ते नेसायचं. खाटेवर लुगडी रचून ठेवलेली होती. थोरल्या जावेने एकेकीला हाक मारून वाटली. तिला स्वतःला, सुनांना, मला. माझ्यासाठी त्याने हिरव्या काठाचं आणलं होतं. मग तिने माझ्या मुलीला पुढे बोलावलं आणि मागे हात केला. खाट रिकामी होती.

जावेने सगळ्यांसमोर त्याला झापलं. एवढ्या लांबलांबच्या बायांचं आणलंस आणि सख्ख्या बहिणीला विसरलास? कसला रे भाऊ?

तो अंगणात उभा होता. नुकतं मुंडलेलं डोकं उन्हात चकाकत होतं.

"भूल गया, बड़ी दाई," तो म्हणाला.

तो विसरणारा माणूस नाही. काठावर उभ्या राहणाऱ्या बाईसाठी लुगडं घेत नाहीत, म्हणून त्याने घेतलं नव्हतं. माझ्या मुलीला ते माझ्याही आधी कळलं असणार. मी माझं लुगडं तिच्यापुढे केलं. तिने घेतलं नाही. सुना म्हणाल्या, घरातलं एखादं नेस, ओल्याने ताप येईल. तिने मान हलवली आणि तुळशीजवळ जाऊन उन्हात बसली. जेवणाची पंगत बसली, पंगत उठली. साडी तिच्या अंगावरच वाळली.